हुबेहूब गंज

बायको : अहो, जरा हळू चाला. सायकल गेलीय, गाडी सुटत नाहीये.

नवरा : गाडीच सुटतेय. तुमच्या दवाखान्याचा तो झाडूवाला काय म्हणाला? तीन वाजता भंगाराचा ट्रक भरतो आणि थेट भट्टीकडे जातो. दोन वाजून गेले. एकदा भट्टीत पडली की तुझी सायकल आणि लोकांच्या मोडक्या बादल्या, सगळ्यांचा एकच रस.

बायको : मग जाऊ दे. चालत जाईन मी पेशंटकडे. दोन वर्षं चाललेच ना?

नवरा : जाऊ दे काय? महिनासुद्धा झाला नाही घेऊन! आणि मी आणून दिलेली साखळी तोडली म्हणजे काय? अंगठ्याएवढी जाड कडी होती.

बायको : त्यांच्याकडे ही एवढी मोठी कातर असते. दवाखान्याने आज मागचं आवार साफ करायला घेतलं. मोडक्या खाटा, सलाइनचे स्टँड, ती तीन पायांची खुर्ची. त्यातच आपली सायकल. भंगाराच्या माणसांनी बघितली, साखळी कापली आणि टाकली हातगाडीवर.

नवरा : नुसती बघितली आणि टाकली? हात लावून वगैरे नाही पाहिलं?

बायको : कशाला पाहतील?

नवरा : नाही, म्हणजे… भंगाराच्या माणसांनासुद्धा खरा वाटला?

बायको : तुम्हाला आनंद होतोय?

नवरा : छे! थोडासा.

बायको : धन्य आहे तुमची. हेच ना ते फाटक?

भंगारवाली : ढकलू नका, ओढा! ढकललंत की अंगावर येतं ते. हां. आता बोला, काय आणलंत?

नवरा : आणलं काही नाही, मावशी. न्यायला आलोय. सकाळी दवाखान्यातून एक सायकल आली तुमच्याकडे. चुकून आली.

भंगारवाली : इथे सगळं चुकूनच येतं. परवा एक बाई आली, म्हणे तो पितळी नळ माझ्या माहेरचा. नळ! माहेरचा! म्हणून मी नियमच करून टाकलाय. वस्तू आपली म्हणणाऱ्याने तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायची, वरून बघून कळणार नाही अशी. खरी निघाली तर उचला आणि चालू लागा. नाही निघाली तर तीनचा ट्रक.

नवरा : सोपं आहे. ती सायकल नवी आहे.

भंगारवाली : कुठली? ती? त्या खाटांवर आडवी पडलीय ती?

नवरा : तीच.

भंगारवाली : अहो, ती माझ्या लग्नाच्या आधीची असेल.

नवरा : सव्वीस दिवस झाले तिला. वरचा गंज मी रंगवलाय. नाटकाचे पडदे रंगवतो मी. पडकी भिंत, किल्ल्याचा दरवाजा, जुनाट विहीर, काय हवं ते. त्यातलाच हा गंज.

भंगारवाली : कलाकार, ऐका माझं. चाळीस वर्षं मी या आवारात आहे. नवऱ्यामागे एकटीने चालवलं. गंज माझ्या अन्नात असतो, केसांत असतो. उन्हातला गंज वेगळा, नळाखालचा वेगळा, समुद्रावरून आलेल्या पत्र्याचा तर वासावरून सांगते. हा दमट भिंतीला टेकून लागलेला गंज आहे. निदान बारा पावसाळ्यांचा. मला शिकवू नका.

नवरा : बारा! ऐकलंस? मी दहा धरले होते.

बायको : अहो, आपण सायकल न्यायला आलोय. बक्षीस घ्यायला नाही.

भंगारवाली : आणि बसायची गादी? ती फाटून आतला स्पंज बाहेर आलाय, तोही नवा का?

नवरा : बोट घालून बघा ना त्या भोकात.

भंगारवाली : बघते की. हे काय… बोट आत जात नाही!

नवरा : भोक नाहीच तिथे. सावली आहे नुसती. तपकिरी आणि काळा, वरून थोडा मळका पिवळा. मोडलेला स्पोक दिसतोय ना? तोही शाबूत आहे, काळा केलाय. पाच पावलांवरून मोडलेला वाटतो.

भंगारवाली : अगंबाई! आणि मडगार्डखालचं कोळ्याचं जाळं?

नवरा : दोरा आणि सरस.

बायको : त्या जाळ्यावर मी दोनदा झाडू फिरवला. दोनदा!

भंगारवाली : असेल बाबा. पण गादीवर चित्र काढणं वेगळं आणि लोखंडावर गंज चढवणं वेगळं. हा बघा, हाताला खरखरीत लागतो. सुटून बोटाला येतो.

नवरा : चाळलेला लाकडाचा भुसा, गेरू आणि सरस. बोटाला थोडा यायलाच हवा, त्याशिवाय खरा कसा वाटेल? वरची पूड मुद्दाम सुटी ठेवलीय. तिच्याखाली व्हार्निश आहे, पाण्याने जात नाही.

भंगारवाली : माणसं माझ्याकडे गंज काढून द्या म्हणून येतात. तुम्ही नव्या सायकलवर चढवलात? डोकं ठिकाणावर आहे ना?

बायको : हे मलाही विचारायचं होतं. पण तुम्हीच विचारलंत ते बरं झालं.

नवरा : चोरीला जाऊ नये म्हणून, मावशी. हिची आधीची सायकल माझ्यामुळे गेली. ही घरोघर जाऊन ड्रेसिंग करते. म्हातारी माणसं, ऑपरेशन झालेली माणसं, उठता न येणारी. त्या दिवशी हिला सुट्टी होती, म्हणून सायकल मी घेतली. रंगाचा डबा आणायला दुकानात शिरलो. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, कुलूप कशाला? बाहेर आलो तर मोकळी भिंत. त्यानंतर दोन वर्षं ही पिशवी खांद्याला लावून चालत फिरली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बायको : बोलून सायकल परत येणार होती का?

नवरा : म्हणून ठरवलं, दुसऱ्यांदा माझ्यामुळे जाता कामा नये. कुलूप लावलं तरी चोर तोडतो. पण चोराला ती न्यावीशीच वाटली नाही तर? चोर काय बघतो? चकाकी बघतो, रस्त्यावरून, लांबून. नाटकाचा पडदा असाच लांबून बघायचा असतो. तेवढं मला जमतं.

भंगारवाली : जमलं की! चोराला फसवलंत आणि माझ्या घशात घातलीत. अति तिथे माती म्हणतात ते हेच. बरं, बाई, तुम्ही गप्प का? सायकल कुणाची?

बायको : माझी.

भंगारवाली : मग मला एक सांगा. त्या दवाखान्याचा माल मी वर्षानुवर्षं उचलते. पुढे फाटकाशी सायकली लावायची चांगली जागा आहे. वर पत्रा, समोर पहारेकरी. तुमची सायकल मागे, मोडक्या खाटांच्या ढिगात काय करत होती?

बायको : पुढे जागा नव्हती.

भंगारवाली : आज? सकाळी मी स्वतः गेले होते माणसांबरोबर. अर्धी जागा रिकामी होती.

नवरा : अगं, मी तर तुला सांगितलं होतं, पुढेच लाव, पहारेकऱ्याच्या खांबाला. तूच म्हणालीस, हो, तिथेच लावते.

बायको : म्हणाले होते.

नवरा : मग?

बायको : मावशी, तुमच्या ट्रकला किती वेळ आहे?

भंगारवाली : ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ट्रक माझा आहे. मी म्हणेन तेव्हा जाईल.

बायको : रोज मागेच लावत होते मी. खाटांच्या आड. कुणाला दिसू नये म्हणून.

नवरा : चोराला?

बायको : नाही हो! लोकांना. लाज वाटायची मला.

नवरा : कसली लाज?

बायको : गंज चढल्यावर पहिल्या दिवशी पुढेच लावली होती. पहारेकरी धावत आला, म्हणाला, बाई, ही इथे कोण टाकून गेलं बघितलंत का? मी काय सांगू त्याला? म्हटलं, नाही बाबा. आणि तो उचलायला लागला तेव्हा म्हणावं लागलं, राहू दे, माझीच आहे. दुसऱ्या दिवशी एका पेशंटची सून म्हणाली, सायकल अंगणात नका लावू, फरशीवर गंजाचे डाग पडतात. आणि ते गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा आहेत ना? त्यांनी खिडकीतून बघितलं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, मुली, नातवाची जुनी सायकल पडून आहे, ती घेऊन जा, संकोच करू नकोस. दया आली हो त्यांना माझी! माझी! आणि गंजाखाली माझी नवीकोरी सायकल!

नवरा : तू मला यातलं काहीच…

बायको : तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत होतात का? येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतात, ओळखा बघू खरा की खोटा. मावशी, मी दुसरी मुलगी. ताईचे फ्रॉक, ताईच्या चपला, ताईच्या वह्यांची उरलेली पानं. लग्न झालं तर पलंग जाऊबाईंचा, शिलाईचं मशीन सासूबाईंचं, सायकल यांच्या भावाची. तक्रार नाही माझी. सगळी माणसं चांगली, सगळ्या वस्तू चालत्या. पण ही सायकल दुकानाच्या काचेत सात महिने बघितली मी. पेशंटकडे जायचा जवळचा रस्ता सोडून त्या दुकानावरून जायचे. घेतली तेव्हा वाटलं, आता पन्नाशीत का होईना, एक वस्तू पहिल्यांदा मी वापरणार. पाच दिवस चालवली. सहाव्या दिवशी ताईकडे गेले, चार दिवस राहिले, परत आले तर ही!

नवरा : पण तू म्हणालीस, छान केलंत. मला आठवतंय. दारातच म्हणालीस.

बायको : तुम्ही ब्रश हातात घेऊन दारात उभे होतात. नाकाला रंग. दोन दिवसांत धड जेवला नव्हतात, स्वयंपाकघर बघूनच कळलं मला. आणि चेहरा असा, जणू माझ्यासाठी राजवाडा बांधलाय. काय म्हणणार होते मी? छानच म्हणणार.

भंगारवाली : बोला, कलाकार. आता तुमची पाळी.

नवरा : मावशी, तुमच्याकडे चिंध्या असतील?

भंगारवाली : भंगाराच्या आवारात येऊन चिंध्या विचारताय? ते पोतं भरलंय. पण कशाला?

नवरा : तुमचा नियम आहे ना, वरून दिसत नाही ते दाखवायचं. टर्पेंटाइनची बाटली माझ्या पिशवीत असतेच. सायकल जरा उभी धरता का? अगं, तू नको, तुझे कपडे खराब होतील. मावशी, तुम्ही धरा. हां. रंगवण्याआधी मेणाचा हात दिलाय सगळीकडे, मूळ रंगाला धक्का लागू नये म्हणून. तेवढी अक्कल होती. आता बघा इथे.

भंगारवाली : कुठे? अगंबाई! पिवळी!

नवरा : झाली खात्री?

भंगारवाली : पिवळीधमक आहे की हो! इतकी वर्षं मी गंज ओळखते म्हणून मिरवते, आणि भुशाने फसले! कुणाला सांगू नका हं, धंदा बसेल माझा. झाली, ओळख पटली. घेऊन जा सायकल.

बायको : हाच तो रंग. विसरलेच होते मी, इतका पिवळा होता ते.

भंगारवाली : बाई, डोळे पुसा. टर्पेंटाइन झोंबलं असेल. अहो कलाकार, पुरे आता! खात्री झाली म्हटलं ना? अजून काय पुसताय?

नवरा : सगळं.

बायको : अहो, राहू द्या. घरी जाऊन बघू. आणि एवढं सुंदर काम केलंत, चार दिवस खपून. या मावशीसुद्धा फसल्या. सगळं कशाला पुसता?

नवरा : काम सुंदर होतं. ते मी नाही म्हणत नाही. असा गंज माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, माहीत नाही. पण तो तुझ्या सायकलवर नको होता. घरी नेऊन पुसली तर घरापर्यंत तू गंजलेलीच नेणार. चार वाजता तुला त्या आजोबांकडे जायचंय ना? मग इथेच पुसतो. त्यांना खिडकीतून दिसू दे काय ते.

भंगारवाली : मग मलाही द्या एक चिंधी. मागचं चाक मी घेते. पण हे जाळं तेवढं अलगद काढून ठेवा हं. माझ्या टेबलावर लावीन. खरा कोळी येऊन बसतो का बघू.

(बराच वेळ चिंध्या घासल्याचा आवाज. बाहेर ट्रकचा हॉर्न.)

भंगारवाली : थांब रे जरा! माणसं कामात आहेत! कलाकार, एक विचारू? माझ्या फाटकाला मी नवं कुलूप घेतलंय. असलं चकाकतं की जाणाऱ्याला वाटावं, आत सोनं ठेवलंय. त्याला चढवून द्याल गंज?

नवरा : बारा पावसाळ्यांचा?

भंगारवाली : पंधराचा करा. मी दिसते तसं कुलूपही दिसू दे.

बायको : पण किल्लीचं खोटं भोक रंगवू नका हं. नाहीतर मावशी रोज भलतीकडे किल्ली घालत बसतील.

नवरा : हसतेस का! बरं, झाली. दांडा झाला, मडगार्ड झालं, गादी झाली. चेनजवळ थोडं राहिलंय, ते संध्याकाळी काढतो. बस बघू.

भंगारवाली : काय दिसतेय हो! दुकानातून आत्ता काढल्यासारखी. बाई, आता मात्र चोराच्या नजरेत भरणार हं ही.

बायको : भरू दे. आता खाटांच्या आड नाही लावायची. पहारेकऱ्याच्या नाकासमोर, खांबाला, एक साखळी पुढच्या चाकाला, एक मागच्या. आणि पेशंटकडे गेले की दाराशी, मला आतून दिसेल अशी. सुनेने नाक मुरडलं तर म्हणेन, नवी आहे, डाग पडत नाहीत.

नवरा : साखळी तर कापली ना त्यांनी.

भंगारवाली : माझ्या माणसांनी कापली, मी देते. हे घ्या कुलूप आणि ही साखळी. बँकेच्या तिजोरीबरोबर आलीय, कुणाच्या बापाला तुटायची नाही. किल्ली एकच आहे, गळ्यात घाला.

बायको : मावशी, कसे आभार मानू तुमचे?

भंगारवाली : माझीच माणसं साखळी कापणार आणि तुम्ही माझे आभार मानणार? निघा, आजोबा वाट बघत असतील.

नवरा : अगं, मागे बसू का? तेवढंच कोपऱ्यापर्यंत.

बायको : नाही. रागवू नका हं, पण आज मला एकटीला जाऊ दे. उद्या बसा.

नवरा : बरं. सावकाश जा. आणि ऐक, मी तुला विचारायला हवं होतं.

बायको : हो, हवं होतं. नाकाला पुन्हा रंग लागलाय तुमच्या, पुसा तो. येते मी. मावशी, येते हं!

भंगारवाली : फाटक ओढा, ढकलू नका! गेली बाई. घंटी बघा कशी वाजवतेय, रस्त्यावर चिटपाखरू नसताना.

नवरा : वाजवू दे.

भंगारवाली : तुमची मेहनत मात्र चिंधीला लागली, कलाकार. आणि आता चोरीला गेली तर?

नवरा : दुपारी सायकल गेली असं कळलं ना, मावशी, तेव्हा मी वेड्यासारखा धावलो. ही शांत होती. म्हणाली, जाऊ दे. डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, किती समजूतदार बायको आहे.

भंगारवाली : आणि आता गेली तर?

नवरा : आता गेली तर रडेल.

भंगारवाली : मग हे बरं झालं म्हणायचं की वाईट?

नवरा : बरं झालं, मावशी. द्या ते तुमच्या फाटकाचं नवं कुलूप इकडे.